अपुरा पत्ता

आमच्याकडे माणसाला दोन नावं असतात.
एक हजेरीपटावरचं,
दुसरं लाडाचं, एम्पाको,
त्या नावानं हाक मारली की परकं माणूस परकं राहत नाही.
लाडाची नावं मोजून बारा.
पाहुणे मात्र दर जुलैत नवे.

म्हणून फोर्ट पोर्टलच्या या टेकडीवर,
चहामळ्याला लागून असलेल्या बालगृहात
आजवर नऊ अकीकी होऊन गेल्या,
सात अब्वोली,
आणि एक अमूती, जो गिटार विसरून गेला.
पोरं नव्याला जुनंच नाव देतात,
धाकट्याला थोरल्याचा स्वेटर द्यावा तसं.

मी काबाहेंदा. रात्रपाळीची.
एकोणीस वर्षं टॉर्च घेऊन बत्तीस खाटा मोजते.
पाहुणे पहिल्या आठवड्यात फोटो काढतात,
दुसऱ्यात भिंत रंगवतात. तीच, स्वयंपाकघरामागची.
तिच्यावर नोहाचं तारू, तारवावर सिंह आणि कोकरू,
कोकरावर पाच भाकरी दोन मासे.
खरवडत गेलं तर बायबल उलटं वाचता येईल.
तिसऱ्या आठवड्यात रडतात.
मग गाडी येते.
गाडी गेल्यावर कोणती पोरं अंथरूण ओलं करतात
हे चादरी धुणारीलाच ठाऊक.

सिग्नीही तशीच आली, नॉर्वेहून,
मंडळीच्या शिफारसपत्रासकट.
वय चौसष्ट. दहावी अकीकी.
गाता येईना, ब्रश धरता येईना.
मी विचारलं, तिकडे करायचीस तरी काय?
म्हणाली, टपाल वाटायचे.
अडतीस वर्षं. बर्फातून.

कटुसाबे तेव्हा सात वर्षांची.
तिच्या नावाचा अर्थ, चला, प्रार्थना करू या.
हे ऐकून सगळे पाहुणे कौतुकानं हसतात.
सिग्नीनं विचारलं, हिचं कुणीच नाही?

मी कपाटातून फाईल काढून दिली.
आई वारली. बाप माहीत नाही.
आजी: म्पांगा नदीच्या वरच्या अंगाला, फणसाजवळ.
पुढे कुणी काही लिहिलंच नव्हतं.
देणगीदार खाटा किती ते विचारतात,
फणसाचं कोण विचारतो?

कागद तिनं दोनदा वाचला.
अपुरा पत्ता म्हणून पत्र परत धाडणं
मला कधी जमलं नाही, म्हणाली.

भिंत तशीच राहिली.
ही रोज सकाळी चालत सुटायची.
पाद्रीसाहेब चिडले, तुम्हाला सेवेला पाठवलंय, भटकायला नाही.
बोडाबोडावाले पैसे न घेता सोडतो म्हणाले, तरी बसली नाही.
संध्याकाळी पाय चिखलात भरलेले.
पोरं तांब्या घेऊन धुवायला धावत,
आणि ईस्टर तर केव्हाच सरला होता.

नदीच्या त्या अंगाला फणस काय थोडे आहेत?
अकराव्या दिवशी एकाखाली म्हातारी शेंगा फोडत बसलेली.
नातीचं लाडाचं नाव काय, विचारलं,
तर हात न थांबवता म्हणाली, अब्बोकी.

आमच्या फाईलमध्ये ते नव्हतं.
आम्ही तिला अत्वोकी म्हणत होतो. तीन वर्षं.
त्या रात्री मी खाटेपाशी गेले, हळूच म्हटलं, अब्बोकी.
झोपेतच ती 'ओ' म्हणाली.

सगळं गोड झालं असं नाही.
म्हातारीचं छप्पर गळतं.
पोर पहिल्या आठवड्यात दोनदा पळून इकडे आली,
एकदा मच्छरदाणीसाठी, एकदा उगाच.
सिग्नीच्या मंडळीनं पुढच्या वर्षी तिला पाठवलं नाही,
रंगाच्या डब्यांचा हिशेब लागत नव्हता.

मी अजून बत्तीसपर्यंत मोजते
आणि शेवटच्या आकड्याला हात हवेत राहतो.
संचालक म्हणतात, खाट भरायला हवी.
खरं आहे.
मी गादी उन्हात टाकली आहे.
आत आणायची विसरते.
रोज विसरते.